उत्तर नको, फोड सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पेपरातलं साधं शब्दकोडं मी रोज सोडवतो, पण गूढ कोड्यातलं एक सूत्र सुटत नाही. आमच्या गावात चार-पाच जण उत्सुक आहेत, पण बसलो की एक जण फटकन उत्तर सांगून मोकळा होतो अन् बाकीचे उठून जातात. सुरुवात कशी करायची, अन् मराठीत हे खरंच जमतं का?"

जमतं भाऊ, अन् मस्त जमतं. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात कृषी केंद्र चालवतो, अन् गेली अकरा वर्षं दुकानाच्या फळ्यावर, जिथं युरिया-डीएपीचे भाव लिहितो त्याच्या उजव्या कोपऱ्यात, रोज सकाळी खडूनं एक गूढ सूत्र लिहितो. लोक खत घ्यायला येतात, सूत्र वाचतात, वावरात जाऊन दिवसभर डोक्यात घोळवतात अन् संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. एक रिटायर कंडक्टर काका आहेत, एक मास्तर, अंगणवाडीच्या ताई, दोन-तीन शेतकरी पोरं, अन् कॉलेजात जाणारी एक पोरगी, जी आता आमच्यात सगळ्यात तरबेज झाली आहे. यातल्या कोणालाच इंग्रजी कोडी येत नव्हती, ती पोरगी सोडली तर अजूनही येत नाहीत, काही अडलं नाही. म्हणून सांगतो, घाबरू नका.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. साध्या कोड्यात सूत्र म्हणजे प्रश्न असतो, 'चिखलात उगवणारं फूल' म्हटलं की संपलं. गूढ कोड्यात सूत्राचे दोन तुकडे असतात, एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ अन् दुसऱ्या टोकाला तेच उत्तर अक्षरं जुळवून तयार करायची कृती, म्हणजे एकाच उत्तराकडे दोन वाटा. अर्थ नेहमी टोकालाच असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी, मधे कधी नाही. रचणारा मात्र दोन्ही तुकडे अशा बेतानं शिवतो की शिवण दिसू नये अन् सगळं मिळून एक साधं वाक्य वाटावं. तुमचं डोकं गरगरतं ते याच्यामुळं, तुम्ही ते वाक्य खरं मानून वाचता. वाक्य कसलंही असू दे, त्याच्या चित्रात गुंतायचं नाही, शिवण कुठं आहे ते चाचपायचं.

हे घ्या: "कलम मोडलं तरी चिखलात फुलतं (३)". आमच्या भागात हे वाचलं की संत्र्याची कलमं डोळ्यापुढं येतात, शेंदुरजना घाटच्या नर्सरीतून आणलेलं कलम मोडलं तर माणसाला रात्रभर झोप नाही. सूत्राला तेच हवं आहे, तुम्ही बगीच्यात जाऊन बसावं. आता ते विसरा. शेवटी 'चिखलात फुलतं' हा अर्थ झाला. 'मोडलं' हा इशारा, म्हणजे अक्षरं मोडा, विस्कटा. अन् विस्कटायचं काय तर 'कलम'. क, ल, म फिरवा, कमल. कंसातला आकडा म्हणजे तीन अक्षरं. अन् लक्षात घ्या, कमळ नाही, कमल, कारण कलममध्ये ल आहे ळ नाही, अक्षरांच्या खेळात ल चा ळ होत नाही. तर हे सगळं सांगणं, अर्थ कोणता, इशारा कोणता, कच्चा माल कोणता, याला आम्ही 'फोड' म्हणतो. उत्तर कमल आहे हे सांगणाऱ्याला आमच्याकडं काही मोल नाही, फोड सांगणाऱ्याला आहे, अन् तुमच्या गावातल्या त्या फटकन बोलणाऱ्या माणसाचं औषधपण हेच आहे. त्याच्याकडं शेवटी येतो.

आता मराठीत जमतं का याचं खरं उत्तर अक्षरात आहे. इंग्रजीत एकेक लेटर सुटं असतं, त्यामुळं त्यांच्याकडं उलटापालट करायला भरपूर माल मिळतो. आपल्याकडं एका चौकोनात एक अक्षर, अन् ते अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट जातं. मात्रा सोडून फक्त व्यंजन उचलायचं नाही. जोडाक्षरसुद्धा एकाच चौकोनात, 'उत्तर'ची अक्षरं उ, त्त, र, तीनच. नवीन माणूस इथंच अडखळतो, त्याला वाटतं उलटं म्हणजे आरशासारखं उलटं. मी त्याला वाल्या कोळ्याची गोष्ट सांगतो. वाल्याला राम म्हणता येईना म्हणून तो मरा-मरा म्हणत बसला अन् राम-राम झालं. रा जसाच्या तसा, म जसाच्या तसा, फक्त जागा बदलल्या. कीर्तनात बसलेल्या प्रत्येक म्हातारीला हे माहीत असतं, म्हणजे गूढ कोड्याची पहिली पायरी तिला आधीच येते.

त्याच चालीवर "मका उलटला की मजुराच्या हाताला मिळतं (२)". मका उलटा, का-म, काम. "रवी उलटी फिरवली की शूर (२)", ताक घुसळायची रवी घ्या की सूर्य घ्या, उलटून वीरच होतो. अन् माझं सगळ्यात लाडकं हे, "वानर परतलं की शेतात उभं राहतं (२)". वानराला दुसरा शब्द कपी. परतलं म्हणजे मागं फिरलं, पी-क. पीक! ज्याच्या वावरात वानरांचा कळप पडला आहे त्याला हे सूत्र कोडं म्हणून सुटण्याआधीच वाक्य म्हणून पटतं, कारण वानरं माघारी गेली तरच पीक उभं राहतं. असं सूत्र वर्षातून एखादं जमतं, जमलं त्या दिवशी मला दुकानात बसवत नाही.

या सूत्राची एक आठवण सांगतो. मी ते एका दिवाळी अंकाला पाठवलं होतं, अख्खं सात बाय सातचं कोडं करून. त्यांनी छापताना 'परतलं'चं 'पळालं' केलं. कदाचित त्यांना वाटलं असेल की वानर पळतं, परतत नाही, वाक्य सुधारून देऊ. वाक्य सुधारलं अन् सूत्र मेलं, कारण 'पळालं' कोणत्याच बाजूनं 'उलटं' होत नाही. अंक हातात आला तेव्हा मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. तेव्हापासून मी कोडं पाठवताना प्रत्येक सूत्राखाली फोड लिहून पाठवतो अन् वर लिहितो की एकही शब्द बदलायचा असेल तर आधी फोन करा. साध्या लेखात शब्द इकडचा तिकडं चालतो, इथं एक शब्द हलला की भिंत पडते. तुम्ही सोडवणारे असाल तरी हे कामाचं आहे, कारण चांगल्या सूत्रात एकही शब्द फुकटचा नसतो, फोड केल्यावर एखादा शब्द उरला असेल तर समजायचं की फोड अजून पूरी झाली नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं आम्ही कडक पाळतो. 'नदी' उलटली की 'दीन' होतं, गरीब, 'दिन' होत नाही, दिवस नाही. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी बहुतेक दीर्घच, म्हणून शब्द उलटला की दीर्घ अक्षर पुढं येतं अन् तिथं ते बसतंच असं नाही. एकदा एका पोरानं 'सुरू' उलटून 'रुसू' केलं, खूश होऊन आला. सु-रू उलटलं तर 'रूसु' होतं, त्याला तसं दाखवलं. तो हिरमुसला पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला की पाळायचं तर सगळ्यांनीच पाळू. काही मंडळी यात सूट देतात, त्यांचं त्यांच्यापाशी. मला वाटतं खेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं, मधे नियम बदलू नये.

याहून मोठी अडचण, अन् इंग्रजीवाल्यांना ही अडचण माहीतच नाही, ती म्हणजे आपलं सामान्यरूप. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्द आतून बदलतो, कापूस म्हणता म्हणता कापसाला होतो. मी एकदा फळ्यावर लिहिलं, "कापसाचं डोकं उडवलं की पुसदची नदी (२)". माझ्या मनात होतं कापूस, त्यातला का काढला की पूस, अन् पुसदला पूस नदी आहेच. संध्याकाळी कंडक्टर काका आले, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "दादा, हे तं चुकलं तुमचं. कापसाचं डोकं उडवलं तं 'पसाचं' रायते, पूस कुठून आली?" मी थोडा वेळ वाद घातला की कापसाचं म्हणजे मूळ शब्द कापूसच ना, पण रात्री पडल्या पडल्या पटलं की ते बरोबर आहेत. फळ्यावर जी अक्षरं दिसतात तीच सोडवणाऱ्याच्या हातात असतात, दिसत नाही ते त्यानं का मानावं? सकाळी बदललं: "बिनडोक कापूस म्हणजे पुसदची नदी (२)". आता कापूस कापूसच राहिला.

त्यावरून आमच्यात एक नियम बनला, तुम्हीपण धरा. शब्द स्वतःच कच्चा माल असेल, म्हणजे त्याचीच अक्षरं फिरवायची-कापायची असतील, तर तो मूळ रूपातच यायला हवा, प्रत्यय नको. पण शब्द नुसता दुसऱ्या शब्दाचा बदली म्हणून आला असेल तर प्रत्यय चालतो. 'वानराला उलटं टांगलं' असं लिहिलं तरी चालतं, कारण वानर हा शब्द आपण वापरतच नाही, त्याच्या जागी कपी आणतो. एवढं समजलं की मराठी सूत्रं निम्मी सोपी होतात, कारण वाक्यात ज्या शब्दाला प्रत्यय नाही, जो जरा अवघडल्यासारखा उघडा उभा आहे, तो बहुतेक कच्चा माल असतो. मी सूत्र वाचताना आधी असे उघडे शब्द शोधतो.

सामान्यरूपानं नेलं तर लिंगानं आणून दिलं. "पोळ्याला बैलाला मिळतो, एरवी जुवाखाली असते (२)". इथं कृती नाहीच, दोन्ही तुकडे अर्थच आहेत, एकाच शब्दाचे दोन अर्थ. नीट पाहा, पहिल्यात 'मिळतो', दुसऱ्यात 'असते'. एकाच शब्दाला पुल्लिंग पण अन् स्त्रीलिंग पण. तो मान अन् ती मान. ज्यानं 'तो' अन् 'ती' ऐकलं त्याला पाच मिनिटांत सुटलं, ज्यानं नाही ऐकलं तो दिवसभर झूल, बेगड, पुरणपोळी करत बसला. अंगणवाडीच्या ताईंनी हे सर्वात आधी सोडवलं अन् म्हणाल्या, "पोरायले आमी रोज तेच शिकवतो नं, तो का ती." इंग्रजीत क्रियापदावर असा शिक्का नसतो. आपल्याकडं क्रियापदच चुगली करतं, म्हणून रचणाऱ्यानं लपवायला जास्त मेहनत घ्यावी लागते अन् सोडवणाऱ्यानं शेवटच्या शब्दाकडं जास्त लक्ष द्यावं.

जोडाजोडीचं सूत्र म्हणजे दोन तुकडे शेजारी ठेवून शब्द करायचा. "मास्तर की कापसाचं बी? (३)". मास्तर म्हणजे सर, त्याला 'की' लावा, सरकी. आमच्या मास्तरांना हे इतकं आवडलं की त्यांनी वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं. लपवालपवी अजून सोपी, "अमरावतीत दडलेला श्रीमंत (२)", अमरावती अक्षर अक्षर वाचा, राव बसलेलाच आहे आत. नवीन लोकांना मी पहिले आठ दिवस फक्त लपवालपवीची सूत्रं देतो, कारण उत्तर डोळ्यासमोर असतं अन् दिसत नाही, सुटलं की चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो पडला की माणूस पुन्हा येतोच.

आता एक सूत्र सुटतं कसं ते पूर्ण सांगतो, कारण नुसते प्रकार वाचून काही होत नाही. मागच्या पावसाळ्यात फळ्यावर लिहिलं होतं, "नवरदेवाच्या पोटात आभाळ, हाती शेतीचं अवजार (३)". एक पोरगा, तीन एकर कपाशी आहे त्याची, सकाळी निंदणाचं औषध घ्यायला आला, वाचून गेला. संध्याकाळी आला तर तळहातावर पेनानं लिहून आणलेलं. त्यानं सांगितलं ते असं. आधी त्यानं टोकं पाहिली. 'नवरदेव' हा अर्थ असू शकतो, 'शेतीचं अवजार' पण असू शकतो. पोटात म्हटलं आहे म्हणजे कशाच्या तरी आत काहीतरी घालायचं, मग नवरदेव हा कृतीतला भाग, तर अर्थ शेवटी, अवजार, तीन अक्षरी. आता इथं गंमत आहे. नांगर तीन अक्षरी, तिफण तीन, वखर तीन, डवरा तीन, पाभर तीन, कुदळ तीन! नुसत्या अर्थावर बसला असता तर सहा उत्तरं अन् सहापैकी कोणतंही छातीठोक नाही. मग तो नवरदेवाकडं वळला. नवरदेव, नवरा, वर. वर दोन अक्षरी, पोटात एक घातलं की तीन. व, मधे काहीतरी, र. सहा अवजारांपैकी व नं सुरू होऊन र नं संपणारं एकच, वखर. बैल सोडता सोडता त्याला हे सुचलं, म्हणाला, अन् तसाच तिथं बांधावर बसला.

पण तळहातावर त्यानं खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "ख चं समजलं नाही. पोटात आभाय कसं?" मग मी सांगितलं की ख म्हणजे आकाश, जुना संस्कृत शब्द, म्हणून तर आकाशात जाणारा पक्षी तो खग, अन् आकाशाचा गोल तो खगोल. तो दोन मिनिटं गप्प बसला अन् मग म्हणाला, "म्हंजे खगोल मी शायेत शिकलो, पन फोडला कधीच नाही." मला विचाराल तर या सगळ्या खेळात हेच आहे. शब्द आपण आयुष्यभर वापरतो पण उघडून पाहत नाही, कोडं तो उघडायला लावतं. अन् दुसरं पण बघा, उत्तर आधी आलं, फोड नंतर पूर्ण झाली, अन् तसंच बहुतेक वेळा होतं. अंदाजानं उत्तर काढण्यात काही कमीपणा नाही, फक्त फोड होईपर्यंत ते कच्चं समजायचं.

संधीचा एक प्रकार मला फार प्रिय आहे, कारण तो निव्वळ आपला आहे. "संधी साधून वर आत, मिरवणूक निघाली (३)". 'वर' अन् 'आत' शेजारी ठेवले तर 'वरआत' होतं, चार अक्षरं, शब्द नाही. पण सूत्रच सांगतं आहे, संधी साधून. व्याकरणातली संधी करा, अ अन् आ मिळून आ, वरात. शाळेत सवर्णदीर्घ संधी घोकून ज्यांना कंटाळा आला होता त्यांना ती इथं हातात हत्यारासारखी मिळते. इशारा दिल्याशिवाय मात्र संधी करायची नाही, नाहीतर कशालाही काहीही चिकटवता येईल.

अन् आपल्या बोलीचं एक. इंग्रजीत एकसारखं ऐकू येणारे पण वेगळं लिहिलेले शब्द ढिगानं आहेत, त्यावर त्यांची बरीच सूत्रं चालतात. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून हा माल कमी. पण वऱ्हाडीत ळ चा य होतो, केळी ची केयी, डोळा चा डोया, अन् ण चा न. म्हणून आम्ही हा नवीन प्रकार काढला: "वऱ्हाडी बाईच्या गळ्यातली आई (२)". गळ्यात माळ असते, वऱ्हाडी बाई तिला काय म्हणेल, माय. अन् माय म्हणजे आई. तसंच "वऱ्हाडी माणूस काळा म्हणाला, शरीर निघालं (२)", काया. पुण्याकडच्या एका ओळखीच्यांना ही पाठवली तर त्यांना सुटली नाहीत, सांगितल्यावर मात्र दोन दिवस ते प्रत्येक ळ बदलून पाहत होते. शाळेत ज्या बोलीवरून आमच्या पोरांना टोकायचे त्याच बोलीनं सूत्र सुटतं, हे पोरांच्या लक्षात आलं तेव्हा ती ओट्यावर जरा ताठ बसायला लागली. मला याचं फार समाधान आहे. सूत्रात 'वऱ्हाडी' किंवा 'अमरावतीकडं' असा इशारा हवाच, तो नसेल तर बाहेरच्या माणसावर अन्याय होतो.

अन्यायाचा विषय निघाला म्हणून नियमांचं थोडक्यात. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात छापलं, ते साधंच होतं. गूढ प्रकार इंग्लंडात वाढला, १९३० पासून लंडनच्या टाइम्समध्ये कोडं येऊ लागलं. सुरुवातीला रचणारे मनाला येईल तसं रचत. डेरिक मॅकनट नावाचे एक मास्तर, लॅटिन-ग्रीक शिकवायचे, झिमेनिझ या टोपणनावानं ऑब्झर्व्हर पेपरात कोडी रचायचे, त्यांनी १९६६ साली नियम लिहून काढले, त्यांचं सार तीन गोष्टींत येतं: सूत्रात नेमका अर्थ हवा, न्याय्य कृती हवी, अन् या दोन्हींशिवाय काही नको. वर मी म्हणालो ना की एकही शब्द फुकटचा नको, ते यांचंच. सोडवणाऱ्याला फसवायची पूर्ण मुभा आहे, पण खोटं बोलायची नाही.

आमच्या जवळच रिद्धपूर आहे, महानुभावांचं. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, ज्यात एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर लिहायचं, किल्ली ज्याच्याकडं त्यालाच वाचता येईल. आमची कॉलेजवाली पोरगी तिथं जाऊन आली अन् मला म्हणाली, "काका, हे तर आपलंच झालं." मी म्हटलं जवळचं आहे, पण आपलं नाही. त्या लिपीची किल्ली पंथाच्या आत राहायची. गूढ सूत्रात किल्ली सूत्रातच ठेवलेली असते, उघड्यावर, फक्त ओळखायची. रचणाऱ्याला आतून वाटत असतं की हे सुटावं, एकही जण सोडवू शकला नाही तर तो दिवस मी वाया गेला धरतो.

आता तुमचा तो फटकन बोलणारा. तो वाईट माणूस नाही, त्याला सुटलं अन् राहवलं नाही. त्याला गप्प बसवायला जाऊ नका, त्याला काम द्या. आमच्याकडं पहिल्या वर्षी हेच व्हायचं, एक जण ओट्याच्या पायरीवरूनच उत्तर ओरडायचा अन् बाकीच्यांची तोंडं उतरायची. मग मी बियाण्याचा एक रिकामा डबा काउंटरवर ठेवला, झाकणाला फट पाडली. उत्तर बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं, उत्तराखाली फोड, अन् डब्यात टाकायचं. दिवाबत्तीला डबा उघडायचा. ज्याची चिठ्ठी आहे तो त्या दिवशीपुरता 'इशारेवाला' होतो, त्यानं बाकीच्यांना इशारे द्यायचे, तेही पायरीनं. पहिला इशारा फक्त एवढा की अर्थ सुरुवातीला आहे की शेवटी. अर्धा तास गेला तर दुसरा, कृती कोणती, उलटायचं की पोटात घालायचं की जोडायचं. तरी नाही सुटलं तर एक अक्षर. उत्तर कधीच नाही, उत्तर फळ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोडीसकट मी लिहितो.

यानं काय झालं माहीत आहे, जो ओरडायचा तोच आता सगळ्यात चांगले इशारे देतो. उत्तर ओरडायला दोन सेकंद लागतात अन् लोक एकदा बघतात, इशारा देणाऱ्याकडं अर्धा तास सगळे कान लावून बसतात. दुसऱ्याला सुटण्याच्या एक पाऊल अलीकडं नेऊन सोडणं हे सोडवण्यापेक्षा अवघड काम आहे, हुशार माणसाला असं काम मिळालं की तो रमतो.

वेगळं उत्तर आलं तर? येतं. तुमच्या मनातलं उत्तर एक अन् चिठ्ठीवर दुसरं, अन् त्याची फोड पण बसते. तेव्हा रचणाऱ्यानं मोठं मन करून ते मान्य करावं, सूत्रात फट राहिली ती आपली. शब्द आहे की नाही यावर वाद झाला तर आम्ही मोल्सवर्थचा कोश काढतो, १८५७ च्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत, मोबाइलवर पाहता येतो. पण गावात रोज बोलला जाणारा शब्द कोशात नसला तरी आम्ही मानतो, दोन जणांनी साक्ष दिली की झालं. यावर शहरातले लोक माझ्याशी भांडतात, भांडू द्या. डवरणीला गेलेल्या माणसाला डवरा कोशात आहे का हे विचारण्यात काय अर्थ.

चौकटीच्या कोड्याकडं लगेच जाऊ नका. आडवे-उभे शब्द एकमेकांत अडकतात, त्यामुळं सोडवणाऱ्याला मदत होते हे खरं, एक सुटलं की दुसऱ्याचं एक अक्षर मिळतं, पण रचणाऱ्याला मराठीत ते जड जातं, कारण मात्रेसकट अक्षर दोन्हीकडं जुळावं लागतं. आधी महिनाभर रोज एक सूत्र, बस. महिन्यानं तुमच्यापैकीच कोणीतरी म्हणेल, उद्याचं मी लिहितो. त्याला लिहू द्या, कच्चं असलं तरी फळ्यावर जाऊ द्या, कंडक्टर काकांसारखं कोणीतरी दुसऱ्या दिवशी ते नीट करेलच.

अन् हे आजचं आमच्या फळ्यावरचं, तुमच्या चार-पाच जणांसाठी तिथं उतरवून घ्या: "पाटलाच्या हक्काआधी आ वासला, जेवायचं बोलावणं आलं (४)". प्रकार जोडाजोडीचा, अर्थ शेवटी. तरी अडलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी झाल्यावर बैलाला काय देतात. कळवाल तेव्हा फोडीसकट कळवा.